व्यसनमुक्तीचे पर्यायी उपचार: संमोहन, सायकेडेलिक औषधे, माळ आणि पावडर – कशाचा किती उपयोग?

“डॉक्टर, गोळ्या नकोत, संमोहनाने दारू सुटेल का?” “परदेशात मशरूमच्या औषधाने व्यसन जातं असं वाचलं, आपल्याकडे मिळतं का?” “जेवणात मिसळायची पावडर मागवली आहे, देऊ का?” व्यसनमुक्तीच्या ओपीडीत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक असे प्रश्न नेहमी विचारतात. त्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षांची दमछाक असते. दोन-तीनदा केंद्रात ठेवून झालेले असते, शपथा घेऊन मोडलेल्या असतात. मग कोणी नवा उपाय सांगितला की आशा वाटते. ती वाटणे स्वाभाविक आहे. पण कोणत्या उपायाकडून काय मिळू शकते आणि कशात जिवाला धोका आहे, हे आधी समजून घ्या.

व्यसनाच्या उपचारात चार कामे असतात

व्यसन हा मेंदूचा, मनाचा आणि सवयीचा मिळून झालेला दीर्घकालीन आजार आहे. त्यामुळे त्याचा उपचारही एका गोष्टीने होत नाही. त्यात साधारण चार कामे करावी लागतात.

१. व्यसन थांबवल्यावर शरीराला होणारा त्रास, म्हणजे विथड्रॉवल, सुरक्षितपणे पार पाडणे.
२. तलफ कमी करणे.
३. आपण का पितो, कधी पितो हे ओळखून वागण्याची पद्धत बदलणे.
४. पुढची काही वर्षे सोबत आणि देखरेख ठेवणे, म्हणजे घसरण झालीच तर लगेच सावरता येते.

कोणताही पर्यायी उपचार समोर आला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा उपचार या चारपैकी कोणते काम करतो? बहुतेक पर्यायी उपचार तिसऱ्या किंवा चौथ्या कामाला थोडाफार हातभार लावतात. पहिले काम त्यांपैकी एकही करत नाही. आणि जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो पहिल्याच टप्प्यात.

आधी हे वाचा: दारू एकदम बंद करण्याचा धोका

रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती अचानक थांबवली, तर काही तासांतच हात थरथरणे, घाम, मळमळ, बेचैनी, झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था येते. माणूस भ्रमात जातो, नसलेल्या गोष्टी दिसतात, भिंतीवर किडे फिरतात असे वाटते, ताप येतो, नाडी जोरात चालते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू होऊ शकतो.

आपल्याकडे याचे एक नेहमीचे निमित्त म्हणजे श्रावण. गटारीला भरपूर प्यायची आणि श्रावण लागताच एकदम बंद. अधूनमधून पिणाऱ्याला त्याने काही होत नाही. पण रोज सकाळपासून पिणाऱ्याला तिसऱ्या दिवशी भ्रम सुरू झाला, तर घरचे त्याला ‘बाहेरची बाधा’ समजून देवऋषीकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात.

या टप्प्यात योग्य औषधे आणि बी१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, देणे आवश्यक असते. अशक्तपणा दिसला म्हणून घराजवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावायची असेल, तर रुग्ण रोज पितो हे डॉक्टरांना नक्की सांगा. थायमिन न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. लाजेपोटी ही माहिती लपवू नका.

झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्यांनीही त्या एकदम बंद करू नयेत. त्यातही फिट येऊ शकते.

संमोहन

संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि कोणाच्या ताब्यात जाणेही नव्हे. प्रशिक्षित उपचारक बोलण्यातून तुम्हाला शांत, एकाग्र अवस्थेत नेतो आणि त्या अवस्थेत काही सूचना देतो. उदाहरणार्थ, “सिगारेटचा वास आला तरी हात पुढे जाणार नाही.” या काळात तुम्ही शुद्धीवर असता आणि नको असलेली सूचना नाकारू शकता.

संमोहनाचा सर्वाधिक अभ्यास धूम्रपान सोडण्यासाठी झाला आहे. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १४ अभ्यासांचा, म्हणजे एकूण १,९२६ व्यक्तींच्या माहितीचा आढावा घेतला. संमोहन इतर समुपदेशनापेक्षा किंवा स्वतःच्या प्रयत्नाने सोडण्यापेक्षा सरस आहे, असे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. दारू आणि इतर अमली पदार्थांसाठीचा पुरावा याहूनही तोकडा आहे.

मग संमोहन टाकाऊच का? तसे नाही. ताण, झोप, चिंता यांवर त्याचा काहींना फायदा होतो आणि ताण हे अनेकांच्या पिण्याचे कारण असते. मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून, चालू उपचारांच्या जोडीने, संमोहन घ्यायला हरकत नाही. मात्र ‘एकाच बैठकीत कायमची सुटका’ अशी जाहिरात असेल तर दूर राहा. ज्यांना पूर्वी भास-भ्रम झाले आहेत, स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, त्यांनी संमोहन टाळावे.

सायकेडेलिक औषधे

एलएसडी, ‘मॅजिक मशरूम’मधील सिलोसायबिन यांसारख्या पदार्थांनी जाणिवा, विचार आणि भावना काही तासांसाठी खूप बदलतात. यांना सायकेडेलिक म्हणतात. व्यसनावर त्यांचा वापर ही कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात कॅनडातील सस्कॅचवन प्रांतात हम्फ्री ऑसमंड आणि अब्राम हॉफर या मानसोपचारतज्ज्ञांनी दारूच्या रुग्णांना एलएसडी दिले. त्यांचा मूळ विचार असा होता की डिलिरियम ट्रेमेन्ससारखा भयंकर अनुभव कृत्रिमरीत्या दिला, तर माणूस घाबरून दारू सोडेल. प्रत्यक्षात अनेक रुग्ण घाबरले नाहीत. उलट आपल्या आयुष्याकडे नव्याने पाहता आले, असे त्यांनी सांगितले.

त्या काळातील सहा चांगल्या अभ्यासांची, एकूण ५३६ रुग्णांची माहिती २०१२ मध्ये एकत्र तपासली गेली. एलएसडी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांचे पिणे सुधारले होते. पण वर्षभरात हा फरक ओसरला.

अलीकडचा महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूचा आजार असलेल्या ९३ जणांना १२ आठवडे समुपदेशन दिले गेले. त्या काळात दोन दिवस काहींना सिलोसायबिन, तर काहींना ॲलर्जीवर वापरले जाणारे एक साधे औषध दिले. पुढच्या ३२ आठवड्यांत जास्त पिण्याचे दिवस सिलोसायबिनच्या गटात ९.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २३.६ टक्के होते. फरक मोठा आहे. पण बातम्यांमध्ये न येणाऱ्या तीन गोष्टीही लक्षात घ्या.

- समुपदेशन दोन्ही गटांना होते आणि दोन्ही गटांचे पिणे कमी झाले. म्हणजे औषध एकटे काम करत नव्हते.
- आपल्याला कोणते औषध मिळाले हे जवळजवळ सर्वांनी अचूक ओळखले. त्यामुळे सुधारणेत अपेक्षेचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.
- गंभीर मानसिक आजार, हृदयविकार, विथड्रॉवलचा त्रास असलेल्यांना अभ्यासात घेतलेलेच नव्हते. औषध दिल्यावर दिवसभर प्रशिक्षित माणसे जवळ बसून होती.

धूम्रपानाबाबत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १५ जणांवर केलेला एक लहान अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १२ जण सहा महिन्यांनी धूम्रपानापासून दूर होते. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

केटामीन हे भूल देण्याचे औषध आहे. ब्रिटनमध्ये ९६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केटामीन मिळालेल्यांचे दारूविना दिवस सहा महिन्यांत सुमारे १० टक्के अधिक होते, पण पुन्हा पिणे सुरू होण्याच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. केटामीनचे स्वतःचेच व्यसन लागू शकते आणि ते वारंवार घेतल्यास मूत्राशयाला कायमची इजा होते. त्यामुळे हा व्यसनावरचा नेहमीचा उपचार झालेला नाही.

आयबोगेन हा मध्य आफ्रिकेतील एका झुडपाच्या मुळापासून मिळणारा पदार्थ. ब्राउन शुगरसारख्या व्यसनावर तो रामबाण आहे असा प्रचार इंटरनेटवर दिसतो. या पदार्थाने हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्यातून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. तो मागवण्याचा विचारही करू नका.

भारतात हे मिळते का? एलएसडी आणि सिलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. ते जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. गोव्यात किंवा डोंगरात ‘हीलिंग रिट्रीट’ म्हणून कोणी हे देऊ केले, तर ना त्यातला पदार्थ तपासलेला असतो, ना मात्रा ठरलेली असते, ना शेजारी डॉक्टर असतो. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, तर अशा एका अनुभवानेही आजाराला सुरुवात होऊ शकते. लिथियम घेणाऱ्यांना फिट येण्याचा धोका असतो. “दारूपेक्षा गांजा बरा” हा सल्लाही असाच. एक व्यसन जाऊन त्याच्या जागी दुसरे येते.

ॲक्युपंक्चर, योग आणि ध्यान

कानाच्या पाच बिंदूंवर सुया लावण्याची पद्धत १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रूढ झाली. पण २००२ मध्ये कोकेनच्या ६२० रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात ती खोट्या ॲक्युपंक्चरपेक्षा किंवा नुसत्या विश्रांतीपेक्षा सरस ठरली नाही.

ध्यानाची बाजू जास्त भक्कम आहे. प्राथमिक उपचार पूर्ण केलेल्या २८६ जणांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सजगतेवर आधारित प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये वर्षभरानंतर अमली पदार्थ घेण्याचे आणि भरपूर पिण्याचे दिवस कमी होते. ‘प्राथमिक उपचार पूर्ण केलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तलफ आली की लगेच तिच्यामागे न धावता ती येते आणि ओसरते हे पाहणे, हे ध्यानात शिकता येते. पण ते थरथरत्या हातांनी, तिसऱ्या दिवशी शिकता येत नाही. योग, प्राणायाम, विपश्यना यांचा विचार शरीर स्थिर झाल्यावर करा आणि शिबिराच्या अर्जात आजार व औषधे खरी लिहा.

माळ, शपथ आणि देवस्थान

महाराष्ट्रात अनेकांची दारू माळ घातल्यावर सुटली आहे. याची थट्टा करण्याचे कारण नाही. माळ घालताना माणूस चारचौघांसमोर निश्चय करतो, रोजचा हरिपाठ आणि भजन यांमुळे संध्याकाळचा वेळ भरतो, आणि पिणाऱ्या मित्रांऐवजी न पिणारी माणसे भोवती येतात. चौथे काम, म्हणजे सोबत, यातून छान होऊ शकते.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे, माळ घालण्याच्या दिवशी दारू एकदम बंद होते. रोज पिणाऱ्याने त्याआधीच डॉक्टरांना भेटून विथड्रॉवलची सोय करावी. दुसरे म्हणजे, घसरण झाली तर माणूस अपराधीपणाने खचतो. “आता माळच मोडली, मग काय उरलं?” असे म्हणून तो जास्त पिऊ लागतो. घसरण हा पाप-पुण्याचा प्रश्न नसून आजाराचे लक्षण आहे, हे घरच्यांनी आधीच सांगून ठेवावे.

मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणे हे मात्र कोणत्याही नावाखाली उपचार नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे.

‘रुग्णाच्या नकळत’ द्यायची पावडर

“न सांगता जेवणात मिसळा, सात दिवसांत दारूचा तिटकारा” अशा जाहिराती एसटी स्टँडपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे आहेत. अनेक पुड्यांवर घटकच लिहिलेले नसतात. आत काय आहे हे डॉक्टरांनाही कळत नाही आणि त्रास झाला तर नेमका उपचार करता येत नाही.

काही घरांत डायसल्फिराम ही गोळी चहातून किंवा भाजीतून दिली जाते. हे खरे औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असा त्रास होतो. म्हणूनच रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, हृदय आणि यकृत तपासून, त्याच्या संमतीने ते दिले जाते. शेवटच्या गोळीनंतर सुमारे दोन आठवडे हा परिणाम राहू शकतो. माहीत नसलेला माणूस नेहमीप्रमाणे प्यायला, तर जीव जाऊ शकतो. शिवाय एकदा हे उघड झाले की तो घरचे अन्न आणि घरची माणसे, दोन्हींवरचा विश्वास गमावतो. पुढच्या उपचाराचा पायाच त्यामुळे निखळतो.

आयुर्वेद घेत असाल तर

अतिमद्यपानाच्या आजाराचे वर्णन चरकसंहितेत ‘मदात्यय’ या नावाने आहे. भूक, झोप, पचन यांसाठी नोंदणीकृत वैद्यांचा सल्ला घ्यायला हरकत नाही, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती हवी. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा: आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांत अल्कोहोल असते. डायसल्फिराम घेणाऱ्याने ती घेऊ नयेत आणि दारू सोडलेल्यानेही टाळावीत. खोकल्याच्या काही औषधांनाही हेच लागू आहे.

ज्यांचा पुरावा भक्कम आहे ते उपचार

दारूची तलफ आणि पुन्हा पिणे कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे आहेत. यकृत खराब असेल तर डॉक्टर त्यानुसार औषध निवडतात. ब्राउन शुगरसाठी ब्युप्रेनॉर्फिन, तंबाखूसाठी निकोटीनचे च्युइंग गम व पॅच मिळतात. सोबत समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग हवा.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली मद्यपींची चळवळ विनाशुल्क आहे आणि महाराष्ट्रात तिच्या मराठी सभा भरतात. २७ अभ्यासांच्या २०२० मधील कॉक्रेन आढाव्यात, या मार्गावर आधारित उपचारांमुळे दारूपासून पूर्ण दूर राहण्याचे प्रमाण इतर मानसोपचारांपेक्षा वाढू शकते असे दिसले. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी औषध, समुपदेशन आणि समूहाचा आधार यांची सांगड घातली.

तरीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. म्हणजे अनेकदा ‘नेहमीचे उपचार हरले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते पूर्णपणे करून पाहिलेलेच नसतात. केंद्रातून घरी आल्यावर औषधे आणि भेटी थांबल्या, तर उपचार अर्धाच झाला.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

- औषधात काय आहे? लेबल आणि घटक दाखवा.
- रोज पिणारा माणूस आल्यास पहिल्या पाच दिवसांची काय सोय आहे? रात्री फिट आली तर कोण पाहणार?
- केंद्राची नोंदणी आहे का? डॉक्टर कधी येतात? नातेवाईक भेटू शकतात का?
- चालू असलेल्या बीपी, मधुमेह, फिट, मानसिक आजाराच्या गोळ्या बंद करायला सांगणार का? उत्तर ‘हो’ असेल तर परत फिरा.
- उपचार संपल्यावर वर्षभर पाठपुरावा कोण करणार?

‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्याकडे बहुधा या प्रश्नांची उत्तरे नसतात.

तातडीची मदत कधी घ्याल?

फिट, भ्रम, वेळ-काळ-माणसे न ओळखणे, ताप, रक्ताची उलटी किंवा आत्महत्येचे बोलणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. व्यसनाबाबत मार्गदर्शनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे विनाशुल्क क्रमांक आहेत. रुग्ण तयार नसेल तरी घरच्यांनी एकट्याने फोन करायला किंवा भेटायला यायला हरकत नाही. अनेकांचे उपचार असेच, आधी पत्नी किंवा आई येऊन सुरू झाले आहेत.

माळ, ध्यान, संमोहन यांपैकी ज्यावर तुमच्या माणसाचा विश्वास आहे ते जरूर सोबत घ्या. त्याचा निश्चय त्यातूनच टिकणार असेल, तर डॉक्टरही त्याचे स्वागत करतील. फक्त दारू थांबवण्याची तारीख ठरवण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा आणि तो किती पितो, केव्हापासून पितो, हे खरे सांगा.